हो, नाही आणि माकड

मुकुंद लिमयांनी मला फसवलं. मी 'बघू' म्हणालो होतो, त्यांनी ते 'हो' धरलं आणि त्यापायी उर्से गावच्या इंदूमावशीची विहिरीवरची मोटर जळाली. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय, पाठीमागेही सांगतो, आणि आता लिहून ठेवतो.

लिमये माझ्याकडचे प्रोग्रामर. तळेगावात माझी शेड आहे. जळालेल्या मोटरींत नवी तार भरण्यापासून मी सुरुवात केली, आता पंपाच्या स्वयंचलित पेट्या बनवतो. विहिरीत पाणी असेल तर पेटी मोटर चालू ठेवते, पाणी संपलं की बंद करते, नाहीतर मोटर कोरडी फिरून जळते. पत्रा माझा, वायरिंग माझं, गिऱ्हाईक माझं; पेटीच्या पोटातला प्रोग्राम मात्र लिमयांचा, सी भाषेत लिहिलेला. मला तो वाचता येत नाही. पण अकरा वर्षं त्यांच्या शेजारी बसून तो चालतो कसा, एवढं मला पक्कं कळलंय.

लिमयांची पहिली खोड अशी, की हा माणूस फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणतो. चहा घेणार का? हो. कसा घेणार? या प्रश्नाला उत्तर नाही. मान वर न करता म्हणतात, "फोडून विचारा." मग आपण फोडायचं. साखर? हो. आलं? नाही. बिस्कीट? नाही. नक्की? या 'नक्की'ला ते नुसते बघतात. आमचा चहावाला पहिल्या महिन्यात दोनदा पळून गेला होता.

आता माझा धंदा उभा आहे घासाघिशीवर. 'परवडत नाही' म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही. 'बघू' म्हणायचं आणि दारापर्यंत जायचं. 'बघू' हा शब्द काढून घेतला तर निम्मा बाजार ओस पडेल. आणि माझ्या वाट्याला आला हा माणूस! काम कधी होईल, एवढं साधं विचारायची सोय नाही.

"सोमवारी होईल का?"

"नाही."

"बुधवारी?"

"नाही."

"शनिवारी?"

"हो."

"मग शुक्रवारी करा की."

"नाही."

"अहो लिमये, जरा ओढाताण करून?"

"ओढाताण हा वार नाही, गराडे."

माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी भटजींना मुहूर्त लागला का म्हणून विचारलं. भटजी म्हणाले, लागेलच आता. लिमये म्हणाले, "म्हणजे नाही." पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. चौथ्या खेपेला भटजींनी मंगलाष्टकं थांबवून मला बोलावलं आणि म्हणाले, "यजमान, हे गृहस्थ तुमचे की व्याह्यांचे?"

तर एका दुपारी मी पत्रेवाल्याशी फोनवर भांडत होतो आणि लिमये समोर येऊन उभे राहिले.

"गराडे, आपली सगळी फंक्शन्स उत्तर आकड्यात देतात."

फंक्शन म्हणजे प्रोग्रामातला एकेक प्रश्न. पाणी आहे का, टाकी भरली का, असे शंभर-सव्वाशे प्रश्न पेटीच्या पोटात आहेत. उत्तर 'एक' आलं की 'आहे', 'शून्य' आलं की 'नाही'.

"मग? आकडे वाईट असतात का?" मी म्हणालो.

"घरी पाणी आलं का म्हणून विचारलंत तर वहिनी काय म्हणतात? 'एक' म्हणतात का?"

"लिमये, मी फोनवर आहे."

"आता भाषेतच हो-नाहीसाठी वेगळा प्रकार आहे. बूल म्हणतात. जिथे उत्तर हो-नाही आहे तिथला आकडा काढून तो लावू. पेटी बाहेरून तशीच राहील, प्रोग्राम वाचायला स्वच्छ होईल. करू?"

"त्यानं दोन पेट्या जास्त खपतील का?"

"नाही."

"बघू," मी म्हणालो आणि पत्रेवाल्याकडे वळलो.

तीन आठवड्यांनी कळलं, सगळं बदलून झालंय. मी आवाज चढवला. कुणाला विचारून केलंत?

"तुम्हाला. तुम्ही 'नाही' म्हणालात?"

"नाही!"

"मग हो. सी भाषेचा नियम आहे. शून्य म्हणजे नाही. शून्य सोडून बाकी जे काही असेल ते हो."

मी तेव्हा कपाळाला हात लावला आणि सोडून दिलं. तिथेच माझं चुकलं. त्या नियमात काय दडलंय, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, कारण आमच्या पेटीत तिसरंही एक उत्तर होतं आणि ते माझ्याच हट्टामुळे घातलेलं होतं.

पेटी बाजारात आणली त्या वर्षी लोणावळ्याच्या बंगल्यांवर आमच्या वायरींचा नुसता चिवडा झाला. माकडं. टाकीवर बसायचं, वायर उपटायची, चावून बघायची आणि फेकून द्यायची. खाली मावळात तेच काम उंदीर-घुशी करतात. वायर तुटली की पेटीला पाणी दिसत नाही आणि पाणी नाही हेही दिसत नाही. तेव्हा मी लिमयांना बसवून घेतलं आणि म्हणालो, अशा वेळी पेटीनं कबूल करायचं की मला माहीत नाही. लिमयांना ते मुळीच पटेना. शेवटी त्यांनी 'उणे एक' हा आकडा त्यासाठी ठेवला. उणे एक आलं की मोटर बंद करायची, लाल दिवा लावायचा. आम्ही त्याला माकड म्हणायचो. आहे, नाही आणि माकड.

आता आकडा गेला आणि बूल आलं. बुलात दोनच खुर्च्या. उणे एक तिथे गेलं, तर त्याला कुठे बसवणार? शून्य तर ते नाही. म्हणजे 'हो'. वायर तुटली, पेटीला काही कळेना, की पेटी ठणकावून सांगणार, पाणी आहे! लाल दिव्याची ओळ प्रोग्रामात होती तिथेच होती. तिथपर्यंत आता कुणी पोचतच नव्हतं. आणि हे सगळं करताना कंप्युटर एका शब्दानं कुरकुरला नाही.

कुरकुरली ती इंदूमावशी. तिचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. एप्रिलात तिचा फोन आला.

"आरं सुभाष, तुजी पेटी म्हंती पानी हाय. हिरीत तर बेडकं उताणी पडल्यात. कुनाचं खरं मानू, पेटीचं का बेडकांचं?"

"मावशी, मोटर बंद कर आधी!"

"ती झाली की आपआपली बंद. लय वास मारतीया. आन माजी फुलं माना टाकाय लागली, त्याचं काय करू ते सांग."

मी दुसरी मोटर टेम्पोत टाकून गेलो, पाण्याचा टँकर मागवला. वायर घुशीनं कुरतडलेली होती, तरी पेटीचा लाल दिवा लागलेला नव्हता. मावशी माझ्यावर ओरडली नाही, बांधावर बसून नुसती फुलांकडे बघत राहिली. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. त्या बदलानंतर अशा साठ पेट्या मावळभर गेल्या होत्या. विहिरींचे तळ दिसायला लागलेले. प्रत्येक उंदराकडे आता एकेक मोटर जाळायची ताकद होती, आणि प्रत्येक पेटीवर माझं नाव.

शेडवर परतेपर्यंत मी लिमयांना काय काय बोलायचं याची पूर्ण जुळणी केली होती. त्यांना काढायचं, हे तर ठरलंच होतं. आत शिरलो आणि म्हणालो, "चूक तुमची आहे की नाही?"

त्यांनी पडद्यावरची एक ओळ पाहिली. खूप वेळ पाहिली. म्हणाले, "हो." मग पिशवी उचलली, पेन खिशाला लावलं आणि निघून गेले.

आता सांगा, भांडणात समोरच्यानं पहिल्याच वाक्याला 'हो' म्हटलं तर माणसानं करायचं काय? माझं सगळं भांडण पोटातच राहिलं. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, फोन उचलला नाही. म्हणून उरलेलं भांडायला मी बेगडेवाडीला त्यांच्या घरी गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

स्टेशनाजवळ जुन्या इमारतीत दोन खोल्या. लिमये एकटे राहतात हे मला माहीत होतं, पण दारावर दोन नावं होती. मु. ग. लिमये आणि त्याच्या वर अ. ग. लिमये. टेबलावर सोसायटीचा एक छापील कागद होता. इमारत पाडून नवी बांधायची होती, त्यासाठीचा. 'सहमालक हयात आहेत का?' पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. 'हो'वर बरोबरची खूण. त्याखाली गेल्या वर्षीचा तसाच कागद, त्याखाली त्याच्या आदल्या वर्षीचा. सगळीकडे 'हो'.

"अ. ग. कोण?"

"अरविंद. दादा."

"कुठे असतात?"

मी सवयीनं प्रश्न फोडला.

"इथे राहतात का?"

"नाही."

"पुण्यात?"

"माहीत नाही."

या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द मी कधी ऐकले नव्हते. मी खुर्ची ओढून बसलो.

"पत्र येतं? फोन?"

"नाही."

"किती वर्षं?"

हे हो-नाहीत बसणारं नव्हतं, तरी त्यांनी उत्तर दिलं. "एकोणीस. देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरीला होता. इस्त्रीचे कपडे घातले, डबा घेतला, कामावर जातो म्हणाला. रविवार होता. रविवारी डेपो बंद असतो."

"त्याआधी काही भांडण झालं होतं?"

"हो."

"तुमच्याशी?"

"हो."

पुढचा प्रश्न मी फोडला नाही. पण वारस नोंदीचे कागद रंगवत आमच्या मावळातली अर्धी माणसं म्हातारी होतात, त्यामुळे मला गप्प बसवेना. मी म्हणालो, "लिमये, सात वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर कोर्टात अर्ज करता येतो. ते जाहीर करतात. दादांची सही मिळत नाही म्हणून सगळी इमारत अडली असणार."

"हो."

"मग 'नाही' लिहा आणि मोकळे व्हा."

"'नाही' लिहायला माहिती लागते, गराडे. माझ्याकडे नाही."

"मग 'माहीत नाही' असं लिहा."

"तसा रकाना नाही." त्यांनी तो कागद टेबलाच्या कडेला समांतर सरकवला. मग म्हणाले, "ते फंक्शन बदलताना मी उणे एक पाहिलं होतं. ते 'हो' होणार, हेही कळलं होतं. मला त्यात काही चूक दिसली नाही."

मी त्यांना काढायला गेलो होतो. मग त्यांनीच विचारलं, "मी कामावर आहे का?"

मी 'हो' म्हणालो. जन्मात पहिल्यांदा मी सौदा एका शब्दात केला.

पुढचे बारा दिवस आम्ही साठ पेट्या उघडत मावळभर फिरलो. लिमयांनी बूल काढलं नाही. एकाऐवजी दोन प्रश्न केले. पेटी आधी विचारते, वायर जागेवर आहे का? तिथे 'नाही' आलं तर पाण्याचं विचारतच नाही. इंदूमावशीकडे त्यांनी पेटी बसवली, हात जोडून उभे राहिले. मावशी म्हणाली, "आता कुनाचं खरं, पेटीचं ना?" ते म्हणाले, "हो." तिनं त्यांना चार गुलाब दिले आणि ते कुठे धरायचे हे त्यांना कळेना.

म्हणून माझा राग निवला असं कुणी समजू नये. मोटर जळाली ती जळालीच, मावशीचा फुलांचा एक तोडा बुडाला तो बुडालाच, आणि त्याचा जाब कुणीतरी दिला पाहिजे. लिमयांचं काय चुकलं ते त्यांनी एका शब्दात कबूल केलं. आता मी अरविंद लिमयांना विचारतो. भांडण झालं, ठीक आहे. घराघरात होतात, आमच्याकडे तर रोज होतात. पण तुमच्या भावानं एकोणीस वर्षं जो कागद समोर येईल त्यावर तुमच्या नावापुढे 'हो' लिहिलंय, आणि ते लिहायचा हात इतका पडला की माझ्या पेटीतसुद्धा लिहून गेला. तेव्हा ही मोटर तुमच्या नावावर आहे. बेगडेवाडीच्या दारावर तुमची पाटी अजून वर आहे. या, नाहीतर एक ओळ तरी टाका. त्याला नाही तर मला सांगा, तळेगावात कुणालाही माझी शेड विचारा. अरविंद ग. लिमये, तुम्ही आहात का?