टिपणीसांनी जमीन तपासली

दत्तात्रय टिपणीसांना आजवर कुणी फसवलं नाही, असं ते स्वतःच सांगायचे, आणि न विचारता सांगायचे! खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस. पाहुणा घरात आला की बाकीचे त्याचा चेहरा बघायचे, टिपणीस त्याची पिशवी बघायचे.

तर झालं असं, की आठ मराठी कुटुंबांनी मिळून शहराबाहेर, न्यू टाउनच्याही पलीकडे छोटी वसाहत बांधायचं ठरवलं. छपरावर सौर पॅनेल, पावसाचं पाणी जमिनीत, ओल्या कचऱ्याचं खत आणि मधलं तळं आहे तसंच. आराखडा नूपुरचा, ती त्यांच्यातलीच, इथे जन्मलेली आर्किटेक्ट. जागा शंतनुबाबूंची. या निवृत्त बंगाली मास्तरांनी कितीतरी बिल्डर दारातूनच परत पाठवले होते, कारण प्रत्येकाला तळं बुजवायचं होतं. या आठ घरांना मात्र ते आनंदाने हो म्हणाले.

झालं! टिपणीसांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

"अगं, इतक्या आनंदाने कुणी जमीन देतं का? शिवाय माझी नोंदींची वही आठवडाभर सापडत नाहीये. तीही त्यांच्याच माणसाने पळवली असणार!"

"अहो, जन्म क्वार्टरात गेला, मग तिसरा मजला," कालिंदी म्हणाली. "मला एकदा खऱ्या मातीत जास्वंद लावायची आहे. रविवारच्या करारावरच्या सह्या तुमच्यामुळे मोडल्या ना, तर याद राखा!"

रविवारी सह्या अकराला होत्या. टिपणीस साडेनऊलाच जागेवर हजर! हातात गोदीतली जुनी सळई, पोत्यात खुपसून माल तपासायची. दहा ठिकाणी खुपसली, जमीन टणक. अकराव्या ठिकाणी, तळ्याच्या काठाशी, सळई थेट मुठीपर्यंत आत! टिपणीसांनी ती बाहेर काढून हुंगली. घाण वास!

"बुजवलेलं तळं!" ते एकटेच ओरडले. "एक राखलं आणि दुसरं बुजवून आमच्या गळ्यात मारतोय होय!"

आता त्या भागात, तळ्याकाठी सळई घेऊन फिरणारा माणूस म्हणजे बिल्डरचा माणूस, हे शेंबडं पोरही सांगेल. पाच मिनिटांत तिथल्या वस्तीच्या क्लबातली मंडळी गोळा झाली.

"की कोरछेन, दादा?" काय करताय, असं एका जाड्या गृहस्थाने बंगालीत विचारलं.

"कुछ नहीं. बस, देख रहा हूँ," टिपणीस चतुराईने म्हणाले.

संपलं! चोरसुद्धा इतकं संशयास्पद बोलत नाही. दोघांनी सळई धरली, तीन बायका तळ्यापुढे कंबर कसून उभ्या राहिल्या आणि कुणीतरी शंतनुबाबूंना बोलवायला धावलं. ते आले तोवर बाकीची सात कुटुंबंही पोचली, कालिंदीसकट.

"इन्होंने तालाब भरा है!" टिपणीसांनी बोट दाखवलं.

शंतनुबाबूंचा चेहरा खर्रकन उतरला. आयुष्यभर जे करू दिलं नाही, त्याचाच आळ! सहीसाठी काढलेलं पेन त्यांनी परत खिशात ठेवलं.

"खोदा! आत्ताच्या आत्ता!" टिपणीस गरजले.

"अहो, नका हो खोदू तिथे," कालिंदी पुटपुटली.

"का? तुला काय माहीत तिथे काय आहे?" आता टिपणीस बायकोकडेही डोळे बारीक करून बघायला लागले.

फावडं आलं. आतून निघाली बटाट्याची सालं, केळफुलाची सोपटं आणि चहाचा चोथा!

"काका, हा आमचा खताचा खड्डा आहे," नूपुर म्हणाली. "शंतनुबाबूंना विचारून आम्ही सहा महिने चालवतोय. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सालं तपासली असती, असं काकूच म्हणाल्या."

तेवढ्यात फावड्याला एक वही लागली. ओली, पण अक्षर शाबूत!

"कागद कुजतो म्हणालीस ना," कालिंदी नूपुरला हळूच म्हणाली. "म्हटलं, ही एकदाची कुजू दे."

नूपुरचं मराठी वाचन पहिलीतल्या पोरीसारखं, बोट ठेवून आणि मोठ्याने! "प्रकाश. आपला सेक्रेटरी. स्वतःहून चहा पाजतो. का?" प्रकाशने भुवया वर केल्या. "नूपुर. तळं ठेवा म्हणते. तळ्यात काय आहे? कालिंदी. मंगळवारी भरली पिशवी नेते, रिकामी आणते. पाळत ठेवणे."

"माझ्यावर पाळत?" कालिंदी कडाडली.

"शंतनुबाबू. फार हसतात. दात स्वतःचे आहेत का, पाहणे."

आणि या गुणी मुलीने सगळं इमानदारीत बंगालीतही सांगितलं! टिपणीसांना वाटलं, आपणच त्या खड्ड्यात उतरावं.

शंतनुबाबूंनी क्षणभर विचार केला, तोंडात हात घातला आणि वरची कवळी काढून टिपणीसांसमोर धरली. मग असे हसले, की क्लबातली मंडळीही पोट धरून हसली.

"बिल्डर लोकांनी जमिनीवर काय आहे ते पाहिलं," कवळी परत बसवून ते हिंदीत म्हणाले. "खाली काय आहे ते पाहणारा हा पहिलाच! हा माणूस इथे राहिला, तर माझं तळं कुणाच्या बापाला बुजवता येणार नाही."

आणि त्यांनी सही केली!

मग कुठला प्लॉट कुणाला, याच्या चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. टिपणीस डबा नीट तपासायला पुढे सरसावले. पण प्रकाशने तो उघडलाच नाही.

"खड्ड्याला लागून असलेला प्लॉट टिपणीसांना. कोणाकोणाची संमती आहे?"

सगळ्यांत आधी हात वर गेला तो कालिंदीचा!