मुरलीनानांचा बहावा

मे महिन्यात धुळ्यात भर दुपारी पंखा बंद करून बसणारा माणूस एकतर तपस्वी असतो, नाहीतर आमचे शेजारी मुरलीनाना. देवपुरातल्या त्यांच्या घरी गेलं की पाण्याच्या आधी सूचना मिळते, "पंखा लावू नको. पाकळी हालस."

नाना शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर एका कॉलेजसाठी ते वनस्पती रेखाटू लागले. त्याला चित्र म्हटलेलं मात्र त्यांना खपत नाही. "चित्र कॅलेंडरवर रहास. हाई झाडनी वळख शे."

नमुन्यासाठी ते एसटीनं थेट पिंपळनेर गाठतात आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली रोपं जेवणाच्या डब्यातून आणतात. मग पान मोजायचं, फूल ब्लेडनं उभं चिरायचं, भिंगातून पुंकेसर मोजायचे. त्याही आधी कागदाच्या कडेला रंग जुळवून ठेवायचा, कारण फुलाचा रंग सगळ्यात आधी पळतो.

एकदा त्यांचा फ्रिज बिघडला, म्हणून घोळीची जुडी त्यांनी आमच्याकडे ठेवली. घोळ म्हणजे आमच्याकडे भाजी. बायकोनं लसणाची फोडणी देऊन ती केली. नाना नेमके जेवायच्या वेळी हजर. त्यांनी ताटावर भिंग धरलं, मग दोनदा भाजी वाढून घेतली. "फोडणी झकास बसली, सूनबाई. फक्त पुंकेसर मोजाना राही गयात."

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी बहावा काढायला घेतला. बहाव्याचा घोस खाली लोंबतो. टेबलावर आडवा ठेवला की त्याचं रूपच जातं. म्हणून दर रविवारी सकाळी ताजा घोस धरून उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. नाना काढायचे आणि अखंड बोलायचे. मध्येच ओरडायचे, "हात खाले जाई राहिना!" मी घाम गाळत हात वर करायचो. घरी आल्यावर बायको खांद्याला तेल चोळून द्यायची.

एका मंगळवारी बँकेला सुट्टी होती. न कळवताच गेलो. दार उघडं होतं. प्रयोगशाळेत असतो तसा एक लोखंडी स्टँड टेबलाशेजारी उभा होता आणि त्याच्या चिमट्यात बहाव्याचा घोस अगदी सरळ लोंबत होता. समोर नाना गप्प बसून शाईचे ठिपके देत होते. काकू गेल्यानंतर त्या घरात दुसरं माणूस नव्हतंच. पण ते घर इतकं शांत असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"नाना, हा स्टँड कधी आला?"

"कॉलेजनी पहिल्याच दिवशी दिधा."

"मग मी कशाला उभा राहतो?"

नानांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. घोसाकडे बघत म्हणाले, "तुले येवाना कंटाळा येस का?"

मी चिमटा सैल केला आणि घोस हातात धरला.

"जरा उचा," नाना म्हणाले आणि दोंडाईच्याला पहिली नोकरी लागली तेव्हाची, मला पाठ असलेली गोष्ट त्यांनी सुरुवातीपासून सांगायला घेतली.