सात दहाचं वाचन

टाळेबंदीच्या त्या वर्षी आमच्या गल्लीत रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जिल्ह्याच्या आदेशाचं जाहीर वाचन व्हायचं. सात दहा म्हणजे सात दहाच. मी शाळेत गणित शिकवतो आणि घड्याळ आकाशवाणीच्या वेळेशी जुळवून ठेवतो, म्हणून खात्रीनं सांगतो. तीन महिन्यांत ते वाचन दोनदाच उशिरा सुरू झालं, तेही एकेका मिनिटानं.

वाचणारे त्र्यंबकराव सरोदे. डोणगावच्या एसटी स्टँडवरून वाहतूक नियंत्रक म्हणून ते निवृत्त झाले त्याला सात वर्षं झाली होती, पण गल्ली अजून त्यांना कंट्रोलर काकाच म्हणते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंडाला काकूंच्या जुन्या लुगड्याचा घरी शिवलेला मास्क, डाव्या हातात आदेशाचा कागद. ओट्यावर उभे राहून ते उजवा हात छातीवरच्या खिशावर ठेवत. शपथ घेणारा माणूस ठेवतो तसा. क्षणभर थांबत, घसा साफ करत आणि मग स्टँडवरचा तो जुना आवाज लागायचा:

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! कलम चार. दुचाकीवर फक्त चालक. दुचाकीवर फक्त चालक!"

प्रवासी म्हणजे आम्हीच, आपापल्या ओट्यावर चहाचा कप घेऊन बसलेले. तीन महिने कोणी कुठं गेलेलं नव्हतं.

प्रत्येक वाक्य ते दोनदा वाचत. कलमं वीस-बावीस, त्यामुळं वाचन अर्धा तास चाले. "काका, एकदा वाचलं तरी समजते ना," असं मी एकदा म्हणून पाहिलं.

"मास्तर, एक्कावन गाड्या रोज सोडल्या म्या. पयली वेळ समोरच्यासाठी असते. दुसरी वेळ दूर बसलेल्यासाठी."

वाचन झालं की शंकासमाधान. "शंका असन तं आत्ताच इचारा. मंग म्हनान, कंट्रोलरनं सांगतलं नाही."

शंका असायच्याच. दुकानं सम तारखेला एका बाजूची आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूची उघडायची, पण चौकातल्या किराणावाल्याचं दुकान कोपऱ्यावर, दार दोन्हीकडं. काकांनी त्याला एक दार सम आणि एक दार विषम ठरवून दिलं, पण मालक एकच असल्यामुळं त्यानं एक दिवस आड आपल्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभं राहावं, असा निकालही दिला. बिचारा खरंच उभा राहिला असता. त्याच्या बायकोनं हाताला धरून घरात नेला.

सर्वांत गाजला तो कल्ल्यांचा खटला. जूनच्या अखेरीस कटिंगची दुकानं उघडली. केस कापता येतील, दाढी करता येणार नाही, असा नियम. आमच्या गल्लीतला कटिंगवाला रमेश हात जोडून उभा राहिला.

"काका, कल्ले कशात येतात?"

काकांनी पहिल्यांदाच निकाल राखून ठेवला. "उद्या सांगतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सात दहाला निकाल लागला: "कानाच्या पाळीपर्यंत केस. पाळीच्या खाली दाढी. पाळीच्या खाली दाढी!" त्या आठवड्यात गावातल्या निम्म्या पुरुषांचे कल्ले पट्टी लावून आखल्यासारखे पाळीच्या रेषेत थांबलेले होते.

हसू यायचं, पण भीतीही सोबत असायची. तो काळ तसाच होता. सकाळी काकांचं वाचन आणि संध्याकाळी मोबाईलवर रुग्णांचा आकडा. मला आकड्यांची सवय, तरी तो आकडा उघडताना हात थांबायचा. कोणी खोकलं की गल्लीतल्या खिडक्या लागायच्या. माझी पत्नी सुनंदा दुधाची पिशवीसुद्धा साबणानं धुवायची आणि मग पुन्हा हात धुवायची.

दुपारी दोन ते रात्री दहा माझी ड्युटी वाशीम जिल्ह्याच्या हद्दीवर, चेकपोस्टला. आम्हा शिक्षकांना तेव्हा तिथं बसवलं होतं. एक मंडप, दोन बांबू, एक पोलीस जमादार आणि मी. गाडी आली की पास पाहायचा, ताप मोजायचा, रजिस्टरला नोंद करायची. उन्हात ती ताप मोजायची बंदूकच इतकी तापायची की सगळा विदर्भ आजारी निघायचा. मग मी आधी लिंबाच्या झाडाचं तापमान घेई आणि फरक वजा करी.

पासवरची कारणं मी वाचत असे. एका आजोबांचं तेरावं माझ्या रजिस्टरमध्ये तीनदा झालं आहे. जमादार म्हणाले, "जाऊ द्या सर, मोठं खटलं असन." मी तिन्ही नोंदी तशाच ठेवल्या.

आता काकांच्या घराचं सांगतो. वत्सलाकाकू मार्चमध्ये रिसोडकडं माहेरी गेल्या होत्या, भाच्याच्या लग्नाला. लग्न झालं आणि चौथ्या दिवशी सगळं बंद. काकू तिकडं, काका इकडं. मध्ये जिल्ह्याची हद्द आणि माझा मंडप.

काकांचं घर स्टँडच्या मागच्या अंगाला आहे. नोकरीच्या दिवसांत काकूंचा संसार काकांच्या भोंग्यावर चाले. सकाळची मेहकर गाडी लागली की कुकर, दुपारची मालेगाव सुटली की भाकरी. शेवटच्या गाडीची घोषणा झाली की दहा मिनिटांत ताट. स्टँडवर त्या कधी गेल्या नाहीत, पण वेळापत्रक त्यांना पाठ. माहेरी जायचं तर भाऊ न्यायला येई आणि परत आणायला काका जात. अडतीस वर्षं हाच रिवाज. बाई माहेराहून एकटी परत आली तर लोक म्हणतात, काही बिनसलं वाटतं.

तेव्हा पास काढायचा तो काकांच्या नावानं, हे आम्ही दोघांनीही गृहीत धरलं. अर्ज मोबाईलवर भरायचा असल्यानं मी भरत असे. कारण: 'इतर - पत्नीस आणणे'. नामंजूर. सात वेळा भरला, सात वेळा नामंजूर.

"काका, दवाखाना लिहा," जमादारांनी माझ्या फोनवरून सुचवलं.

"मी आजारी नाही."

"मंग मयत लिहा."

"कोनाची लिहू? तुमची?"

कारणांच्या यादीत 'अडकलेली व्यक्ती' असाही एक पर्याय होता. मी तो दाखवला. काका चिडले. "मास्तर, तुमी गनिताचे ना? मी माया घरी बसून हाय. अडकलो कुठं? खोटं कसं लिहू?"

त्यांचं म्हणणं मला पटलं. हे मी आज कबूल करतो, कारण पुढं त्याची लाज वाटायची आहे.

शेतातल्या पांदीनं अर्धं गाव हद्द ओलांडत होतं. रमेश तर म्हणाला, "काका, मोटारसायकलवर बसा, पाऊन घंट्यात काकू घरी."

"दुचाकीवर किती?"

"...एक."

"तू, मी आन तुयी काकू. किती झाले बे?"

रमेशनं गाडीची किल्ली खिशात टाकली.

जून सरत आला तसे काका बारीक दिसू लागले. स्वतः रांधायचे, म्हणजे रोज खिचडी. सुनंदा डबा द्यायची तर काका तो पायरीवर ठेवायला लावत आणि काठीनं ओढून घेत. मग एक दिवस कागद घेऊन माझ्या फाटकाशी आले.

"मास्तर, एक तारखेला मी पासष्टचा होतो."

पासष्टच्या वरच्या माणसांनी घरातच राहावं, असं आदेशात होतं. काकांचा जन्म खरा पोळ्याच्या सुमाराचा. पण शाळेत नाव घालताना त्या वेळचे गुरुजी साऱ्या वर्गाला एक जुलैलाच जन्माला घालत. आमच्या तालुक्यात एक जुलैला पेढे वाटायचे म्हटले तर खवा पुरणार नाही. त्या तारखेपायी काका नोकरीतून दोन महिने आधी घरी बसले होते, आणि हूं की चूं केलं नव्हतं.

"काका, तुम्ही पोळ्याचे. अजून दोन महिने आहेत. आणि तिथं 'शक्यतो' लिहिलं आहे."

"कागद म्हनते जुलै तं जुलै. आन शक्यतो मनजे जोवर शक्य हाय तोवर. मले घरी बसनं शक्य हाय ना? मंग बसा लागते." त्यांनी कागदाची घडी केली. "तिच्या भावाच्या गावात पेशंट निंघाला. दोन गल्ल्या सोडून. बांबू लावले म्हने. उद्या सारं गाव बंद केलं तं?"

मयतीला चारच माणसं जात होती तेव्हा. आम्ही दोघंही तेच मोजत होतो.

तीस जूनची सकाळ. नवा आदेश आलेला, बंदी आणखी महिनाभर वाढलेली. सात दहा झाले. काकांनी खिशावर हात ठेवला, थांबले, घसा साफ केला आणि सुरू केलं. आवाज ठीक होता. दुकानं झाली, लग्नं झाली. अडकलेल्या लोकांचं कलम ते नेहमीप्रमाणं घाईनं वाचून गेले. मग आलं:

"पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी शक्यतो घरातच राहावं."

आणि काका थांबले. दुसऱ्यांदा वाचेनात. कागदाकडं बघत नुसते उभे. गल्लीत कोणी कप खाली ठेवला तरी ऐकू येईल अशी शांतता.

तेवढ्यात काकांच्या छातीतून एक बारीक आवाज आला.

"थांबले काऊन? दुसऱ्यांदा वाचा ना."

काकांनी खिसा दाबला. आवाज थोडा दबला, बंद झाला नाही. "अहो, लाईन गेली का?"

रमेश दोन पावलं पुढं आला. "काका, खिशात कोन हाय?"

"रमेश हाय का तो?" खिसा म्हणाला. "काऊन रे, कल्ल्याचं निस्तरलं का तुयं?"

तेव्हा उलगडलं. तीन महिने रोज सात दहाला काका फोन लावत, खिशात ठेवत आणि वाचायला उभे राहत. फोनवर बायकोशी काय बोलायचं असतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. आयुष्यभर त्यांनी तिला फक्त गाड्या ऐकवल्या होत्या. आता गाड्याच नव्हत्या.

काकांनी फोन बाहेर काढला. सगळ्या गल्लीसमोर, बायकोचं नाव घेऊन, पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "वत्सला, उद्यापासून मले निंघता नाही येनार."

"तुमाले निंघा म्हनते कोन? ते अडकलेल्या लोकायचं कलम वाचा बरं पुन्हा. ते तुमी रोज घाईनं वाचता."

काकांनी वाचलं. अडकलेल्या व्यक्तींना आपल्या राहत्या घरी परतण्यास परवानगी राहील.

"दुसऱ्यांदा."

काकांनी पुन्हा वाचलं.

"आता सांगा, अडकलं कोन? तुमी का मी?"

काका माझ्याकडं बघू लागले, मी त्यांच्याकडं. एकानं सगळे आदेश पाठ केलेले, दुसऱ्यानं तोच अर्ज सात वेळा भरलेला. अर्जदाराच्या रकान्यात काकूंचं नाव घालायचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि जिला लिहिता-वाचता येत नाही, त्या बाईनं ते खिशातून ऐकून शोधलं होतं.

"पन एकटीनं..." काका पुटपुटले. "लोक काय म्हनतीन?"

"लोक घरात बंद हायेत. म्हनायले येते कोन?"

आठवा अर्ज मी तिथंच, त्यांच्या पायरीपासून सहा फुटांवर उभा राहून भरला. अर्जदार: वत्सला त्र्यंबक सरोदे. वय: एकोणसाठ. दोन दिवस पास आला नाही. त्या दोन दिवसांत मी रजिस्टरला तीन ठिकाणी खाडाखोड केली. माझ्या नोंदीत खाडाखोड नसते. तिकडं आणखी एका गल्लीला बांबू लागल्याचं कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पास मंजूर झाला.

दुपारपासून काकांचे मला चेकपोस्टवर अकरा फोन आले. प्रत्येक वेळी दोनच शब्द. "गाडी लागली?" ते स्वतः येणं शक्य नव्हतं, कागदावर पासष्टचे झाले होते. चार वाजून वीस मिनिटांनी काकूंच्या भावाची रिक्षा बांबूपाशी थांबली. काकू मागच्या सीटवर एकट्या, पदर नाकावर घट्ट, मांडीवर पिशवी. मी ताप मोजला, झाडाचा फरक वजा केला. ठीक होता. पुन्हा मोजला.

"मास्तर, दोनदा काऊन?" काकूंनी विचारलं.

मी काकांना फोन लावला. "काका, गाडी लागली."

पलीकडून घसा साफ केल्याचा आवाज आणि फोन बंद.

पुढं चौदा दिवस काकू आतल्या खोलीत, दार लावून. तो नियमच होता आणि काकांच्या घरात नियमाला सूट नव्हती. ताट ते उंबऱ्यावर ठेवत, आणि आमच्या डब्यासारखंच रिकामं ताट काठीनं ओढून घेत. सात दहाचं वाचन ओट्यावर सुरूच होतं, फोन खिशात.

पंधराव्या दिवशी सकाळी मी कप घेऊन बाहेर आलो. सात दहा झाले. ओटा रिकामा. सात अकरा, सात बारा. त्या दिवसांत अशा शांततेचा एकच अर्थ मनात यायचा. मी कप तसाच ठेवून पलीकडं गेलो. दार उघडं होतं.

आत काकू चुलीपुढं भाकरी थापत होत्या. काका बाजूला पाटावर बसले होते, मास्क हनुवटीखाली, हातात नवा आदेश. हळू आवाजात वाचत होते. कलम सहा. कलम सात. मी उभा होतो तोवर त्यांनी पाच कलमं वाचली.

प्रत्येक एकेकदाच.