सासूबाईंच्या डोळ्यांतलं पाणी

वर्षश्राद्धाला सासूबाईंचा फोटो नको, मी चित्रच काढते, असं महानंदानं जेवण वाढता वाढता जाहीर केलं, तेव्हा तिचा नवरा महांतेश भाकरीकडे बघत "बरं" म्हणाला. तो बरं म्हणाला की त्यानं काही ऐकलेलं नसतं. पण महानंदानं ती परवानगी समजली. संसारातल्या सगळ्या परवानग्या तिनं अशाच मिळवल्या होत्या.

फोटोची अडचण खरीच होती. यल्लव्वाबाईंना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, कॅमेऱ्याचा भारी राग. लग्नकार्यात फोटोवाला समोर आला की त्या पदर तोंडावर ओढून घ्यायच्या. मागे राहिला तो फक्त आधार कार्डावरचा फोटो, आणि त्यात त्या कुणाला तरी कोर्टात खेचायला निघाल्यासारख्या दिसत होत्या. नणंद भाग्यलक्ष्मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, के. आर. पुरमहून, फोन करकरून सांगत होती, की तोच फोटो मोठा करून, स्वल्प गोरा करून आणू.

"वन्सं, तुम्ही काही करू नका," महानंदा म्हणाली. "मी आहे."

ती होतीच. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा चामराजपेटच्या त्यांच्या दोन खोल्यांत तीच होती. शाळेतली कारकुनी सोडून तिनं त्यांचं न्हाणंधुणं, औषधपाणी, बोलणी खाणं, सगळं केलं. भाग्यलक्ष्मी सणाला संत्री घेऊन यायची, आईच्या पायाशी बसून रडायची आणि अंधार पडायच्या आत मेट्रो पकडायची. नातेवाइकांत मात्र नाव भाग्यलक्ष्मीचं. लेकीनं आईचं किती केलं म्हणायचे. सुनेबद्दल कुणी काही बोलत नसे, कारण सून करते त्यात बोलण्यासारखं काय असतं? सासूबाईंनीही कधी तोंडातून चांगला शब्द काढला नाही. महानंदाला या घरातून तो एक शब्द हवा होता. सेवेबद्दल आता मिळण्यासारखा नव्हता, म्हणून निदान चित्राबद्दल तरी, चार माणसांत.

तर हे चित्र ती गुआशमध्ये काढणार होती. गुआश म्हणजे जलरंगच, पण दाट, खालचं सगळं झाकणारा आणि सुकल्यावर न चमकणारा. रविवारच्या चित्रकलेच्या क्लासात आश्लेषा नावाची पुण्याची मुलगी शिकवायची. ती म्हणाली, "काकू, गुआश इतका फर्गिव्हिंग आहे ना! चुकलं की पाणी लावायचं, सुकलेला रंगसुद्धा परत ओला होतो, पुसून टाकायचा." केलेली चूक पुसून देणारी वस्तू महानंदाला जन्मात पहिल्यांदा भेटत होती. तिनं तिथल्या तिथे डबा विकत घेतला. छोट्या छोट्या कपांत दह्यासारखे लागलेले रंग.

"सुकू देऊ नका, अधूनमधून पाण्याचा स्प्रे मारा," आश्लेषानं बजावलं होतं. महानंदानं अधूनमधूनचा अर्थ सकाळ-संध्याकाळ असा घेतला आणि कढीपत्त्याच्या कुंडीबरोबर रंगांनाही पाणी घालू लागली. थोड्याच दिवसांत पांढऱ्या रंगाला केस उगवले. आश्लेषा फोनवर म्हणाली, वरची बुरशी काढून टाका आणि लवंगेच्या तेलाचा एक थेंब घाला. घरात सासूबाईंच्या दाढेसाठी आणलेली बाटली होतीच. सांगितला होता एक थेंब, महानंदानं बाटली संपवली. काम करायचं तर हात आखडून करायचं नाही, हा तिचा स्वभाव, आणि आयुष्यभर तो तिला नडत आलेला.

चित्र मात्र जमलं. नाक सासूबाईंचंच होतं, ओठ मुडपून नापसंती दाखवायची पद्धतही त्यांचीच. श्राद्धाच्या आदल्या दिवशी भाग्यलक्ष्मी आली, चपला काढायच्या आत चित्रासमोर उभी राहिली.

"आई एवढी काळी होती होय? मुद्दाम करालीस काय वहिनी?"

"तसं नाही वन्सं. फिका रंग सुकला की गडद होतो. ओला होता तेव्हा गोऱ्या होत्या."

"आई काय सुकून काळी झाली?"

महानंदानं पुन्हा ब्रश घेतला. गालांवर फिकट रंगाचा एक थर दिला, तो सुकला, सासूबाई पुन्हा सावळ्या. दुसरा दिला, पुन्हा तेच. दुपार कलेपर्यंत गालांवर उत्तप्प्याएवढी जाडी चढली. मग त्या थरांत बुडालेले डोळे तिनं वरून काळ्या रंगानं नव्यानं काढले. चिकपेटच्या बाजारातून आणलेल्या फ्रेमला काच होती, ती मात्र तिनं काढून ठेवली. काचेआड हाताचं काम दिसत नाही, लोकांना छापलेला फोटो वाटायचा. ज्या कौतुकासाठी सगळा खटाटोप चालला होता, ते काचेवरून घसरून गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाटावर चित्र, चित्राला हार, समोर गुरुजी. नातेवाइकांनी खोली भरली होती. अजून कुणी चित्राबद्दल बोललं नव्हतं, पण महानंदा धीर धरून होती.

गुरुजी इथलेच, कानडी, बरं म्हणायला सरी म्हणणारे आणि पाण्याच्या बाबतीत उदार. "सरी, सरी, फोटो स्वल्प पुढं घ्या," म्हणत त्यांनी दर्भ तांब्यात बुडवला आणि मंत्र म्हणत चित्रावर सपकन पाणी शिंपडलं. महानंदाच्या तोंडून "अहो" एवढंच निघालं.

आधी मथुरामावशीला दिसलं. ही सासूबाईंची धाकटी बहीण, नजर अजून तल्लख.

"आक्का रडालीय," ती हळूच म्हणाली.

खरंच डाव्या डोळ्यातून एक काळसर थेंब निघाला होता आणि त्या जाड गालावरून वाट काढत हनुवटीकडे चालला होता. मावशीनं पुढे वाकून नाक ओढलं.

"वास घेऊन बघा. आक्काच्या दाढेचं औषध. आक्का आलीय."

सगळ्यांनी वास घेतला. लवंगच होती ती. गुरुजींनी कित्येक श्राद्धं केली असतील, पण असं कधी पाहिलं नसावं. त्यांनी घाईघाईनं शांतीचा मंत्र धरला आणि शांतीसाठी आणखी पाणी शिंपडलं. मग उजवा डोळाही वाहू लागला.

"आई गं," भाग्यलक्ष्मीनं हंबरडा फोडला, "काय काय सोसलंस या घरात!"

खोलीतली सगळी तोंडं महानंदाकडे वळली. इतक्या माणसांनी एकाच वेळी तिच्याकडे पाहण्याची ही लग्नानंतरची पहिलीच वेळ.

"रंग आहे तो," ती म्हणाली. "पाणी लागलं की विरघळतो."

"मग काल का न्हाई विरघळला?" मावशीनं विचारलं.

"काल पाणी लागलं नव्हतं."

"बघा. नेमकं श्राद्धाच्याच दिवशी लागलं."

आता याला काय म्हणावं? महानंदानं शेवटचा आधार म्हणून नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही सांगा की. तुमच्या डोळ्यांदेखत काढलंय मी." महांतेश उठला. त्यानं चित्राला हात जोडले आणि म्हणाला, "आई, माझं काही चुकलं असलं तर माफ कर. आणि महानंदालाही माफ कर."

ते ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं पदराचं टोक घेऊन चित्र पुसायला हात पुढे केला, तर मावशीनं मनगटच धरलं. "हात लावू नको. तुझ्यापायीच रडालीय ती."

त्यानंतर पानं मांडायची होती. ती महानंदानंच मांडली, कारण दुसरं कोण मांडणार. लोकांनी वडे मागून मागून खाल्ले आणि ती आमटी घेऊन जवळ आली की बोलणं थांबवलं. संध्याकाळी भाग्यलक्ष्मीनं चित्र चादरीत गुंडाळलं. "आईला आता इथं ठेवणार न्हाई मी," असं म्हणून ते ती के. आर. पुरमला घेऊन गेली. तिथे तिनं त्याला काच बसवली आणि उदबत्ती सुरू केली. शेजारच्या बायका रडणाऱ्या आईला बघायला येऊ लागल्या, आणि आई का रडते, ते भाग्यलक्ष्मी प्रत्येकीला बसवून सांगू लागली.

काही दिवसांनी तिचा फोन आला. आवाज कधी नव्हे इतका मऊ.

"वहिनी, ते अश्रू पुसट झालेत गं. रविवारी सासरची मोठी माणसं येणार हायत. येऊन जरा ठळक करून देतीस?"

"म्हणजे वन्सं, तो रंग आहे, हे तुम्हाला मान्य आहे तर?"

"अश्रू आईचेच हायत," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "रंग तेवढा तुझा."

खरं तर फोन आपटायला हवा होता. पण महानंदा रंगांचा डबा पिशवीत घालून गेली, आणि का गेली हे तिला आजही नीट सांगता येत नाही. भाग्यलक्ष्मीनं खोलीचं दार लावून घेतलं, काच काढून दिली. महानंदानं या वेळी पाणी बेतानं घेतलं. पातळ करड्या रंगानं एकेक ओघळ खाली आणला, कडेला सावली दिली, आणि शेवटी बारीक ब्रशनं प्रत्येक थेंबावर पांढरा ठिपका ठेवला. थेंब असे उठून आले, की आता खाली पडतील आणि फरशी पुसावी लागेल.

भाग्यलक्ष्मी चित्राजवळ वाकली. मग पदरानं स्वतःचे डोळे टिपत म्हणाली, "काय हात हाय गं तुझा, वहिनी. बघणाऱ्याचं काळीज हललं पाहिजे, असं काढलंयस."

इतक्या वर्षांत त्या घरातून आलेला हा पहिला चांगला शब्द. तो घ्यावा की तिच्या तोंडावर फेकून मारावा, महानंदाला कळेना. तिनं ब्रश धुतला, पुसला, चित्राकडे मान तिरकी करून पाहिलं.

"वन्सं," ती म्हणाली, "उजव्या डोळ्यात आणखी एक थेंब घालू का?"