डोळे आलेला वायरमन

"झाले का लाल?" आरशात बघत जगनने पुन्हा एकदा विचारलं.

"होऊन राहिले. हलू नका," शिला म्हणाली आणि तिने कांद्याची ताजी फोड त्याच्या डोळ्याखाली फिरवली. जगनच्या नाकातोंडातून पाणी वाहायला लागलं.

आता आरसा समोर असताना माणसाने स्वतःचे डोळे लाल झाले का, हे बायकोला का विचारावं? तर जगनला लाल रंग दिसत नव्हता. लाल, हिरवा, तपकिरी, सगळे त्याला एकाच मातकट रंगाचे वाटायचे. लहानपणी मिरच्या तोडायला गेला की पिकल्या आणि हिरव्या एकाच टोपल्यात घालून आणायचा. पोरगं कामचुकार आहे, असं आई मिराबाईने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्याने शिलासाठी मोठ्या हौसेने लाल साडी आणली. ती हिरवीगार होती. शिलाला काय ते कळलं, पण तिने तांड्यावर कुणाजवळ ब्र काढला नाही.

आणि असा माणूस पोटापाण्याला काय करत होता, तर गाड्यांच्या वायरिंगचं काम. ही कृपा डोंगरकडा गावच्या भावसिंग वस्तादाची. विहिरीच्या मोटारीची उरलेली काळी केबल कुठे स्वस्तात मिळाली की वस्ताद ती घेऊन ठेवायचा आणि येईल त्या जीपला तीच घालायचा. हेडलाइटला काळी, हॉर्नला काळी, वायपरलाही काळीच. कुठली वायर कुठे जाते, हे बल्ब लावून शोधायचं. गिऱ्हाइकाने कुरकुर केली तर वस्ताद म्हणायचा, करंटाला रंग असतो का? अशा शाळेत जगन तयार झाला. हात तयार झाला, बोटं तयार झाली, डोळ्यांची कधी गरजच पडली नाही.

पण वस्तादाने दिवाळीनंतर दुकान मोडून लेकाकडे पुण्याला जायचं ठरवलं. तिकडे तांड्यावर ऊसतोडीच्या मुकादमाच्या चकरा सुरू झाल्या. बाप रामसिंगने तर सांगून टाकलं, नोकरी लागली तर ठीक, नाही तर यंदा नवराबायको दोघांनी कोयता धरा. त्या रात्री शिला पोरीला, सृष्टीला मांडीवर घेऊन बसली आणि एवढंच म्हणाली, "माझा जलम उसाच्या फडात झाला. माझं लेकरू फडात वाढणार न्हाई." त्यानंतर जगनला झोप लागली नाही.

हिंगोलीत गाड्यांच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला इलेक्ट्रिशियनची जागा निघाली होती. शिलाचा भाऊ रणजीत तिथे गाड्या धुवायला होता. त्यानेच फोन करून बातमी दिली, आणि जाता जाता जगनच्या काळजात सुरीही खुपसली. भरतीच्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर येणार होता. त्याच्याकडे रंगीत ठिपक्यांचं पुस्तक असतं, ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, आणि ज्याला आकडा दिसला नाही तो घरी. शिवाय प्रॅक्टिकल घेणार होता फोरमन रामकिशन. तो नुसता एक वायर उचलायचा आणि पोराच्या नाकासमोर धरून विचारायचा, "ही कोणती?" चांगली चांगली पोरं त्या दोन शब्दांनी गार पडायची.

"मंग आता?" जगनने शिलाला विचारलं. त्याचे हातपाय आत्ताच गार पडले होते.

शिलाने अर्धा दिवस विचार केला आणि म्हणाली की आलेले डोळे कुणी तपासत नाही. डोळे आलेल्या माणसाकडे नुसतं पाहिलं तरी आपले येतात म्हणून सगळे तोंड फिरवतात. डॉक्टरही झाला तरी माणूसच की. मग ट्रंकेतून जगनचा लग्नातला काळा गॉगल निघाला आणि टोपलीतून कांदे.

भरतीच्या दिवशी हिंगोलीची जीप कळमनुरीच्या पुढे गेली आणि जगनच्या डोळ्यांची आग थांबली. आग थांबली तशी त्याला शंका आली. आग गेली म्हणजे लालीही गेली काय? त्याने गॉगल वर करून जीपच्या आरशात पाहिलं. डोळे थोडे मळकट वाटत होते, पण ती लाली होती की आरशावरची धूळ, हे त्याला कळेना. काय करणार, कुणाला तरी विचारणं भाग होतं. शेजारी नातवाला घेऊन एक म्हातारी बसली होती, जिवनबाई म्हणून. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघाली होती.

"मावशी," जगन हळूच म्हणाला, "माझे डोळे लाल दिसून राहिले का?"

जिवनबाईने आधी नातवाचं तोंड पदरात घातलं आणि मग पाहिलं. "न्हाई बा. चांगले पांढरेफटक हायेत. काहून?"

जगनचं अवसान गळालं. कांदा तर घरी राहिला होता. खिशात होता तो डोकेदुखीचा बाम. हिंगोलीच्या बसस्टँडवर उतरल्याबरोबर त्याने आडोसा पाहिला आणि दोन्ही पापण्यांवर चांगला बोटभर बाम चोळला. पुढच्या क्षणी त्याला आई आठवली, बाप आठवला, नरसीचे नामदेव महाराज आठवले. नळाखाली डोकं धरून तो उभा राहिला तेव्हा मागे रांगेत असलेले लोक आपले हंडे घेऊन बाजूला झाले. डोळे आता नुसते लाल नव्हते, सुजून गुलाबजामाएवढे झाले होते.

सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी सुरू झाली होती. भरतीला आलेली पोरं एका बाकावर बसली होती आणि कंपनीची जुनी माणसंही डॉक्टरसमोर रांगेत उभी होती, कारण त्यांचीही वर्षाची तपासणी त्याच दिवशी उरकायची, असं ऑफिसातल्या पल्लवी मॅडमनी ठरवलं होतं. रांगेच्या अगदी शेवटी छाताड पुढे काढून एक धिप्पाड माणूस उभा होता. नवीन कुणी आलं की तो त्याला दंडाला धरून आपल्या पुढे उभं करायचा. हाच रामकिशन, हे जगनला कुणी सांगावं लागलं नाही. काय शिस्त आहे माणसाला, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला आणखीनच घाम फुटला.

टेबलावरचं ठिपक्यांचं पुस्तक त्याला लांबूनच दिसलं. त्याने गॉगलवर हात ठेवला आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "मॅडम, माझे डोळे आले हायेत."

"बघू," डॉक्टर म्हणाला.

आता आली का पंचाईत? शिला म्हणाली होती की कुणी बघणार नाही. जगनने गॉगल काढला. डॉक्टरने पुढे केलेली मान झटकन मागे घेतली. बाकावरची पोरं उठून उभी राहिली. कोपऱ्यात चहा पिणाऱ्या गिऱ्हाइकाने कप तसाच ठेवला, आणि सगळ्यांत मोठा आवाज आला तो रामकिशनचा.

"गेलं आता," तो म्हणाला. "साथ हाय ही. पुस्तकाला हात लावू नका कुणी. एकानं लावला की सगळ्यांचे येतात, मंग आठ दिस वर्कशॉप बंद."

पल्लवी मॅडमचा चेहरा उतरला. डॉक्टर म्हणत होता की तसं घाबरायचं कारण नाही, याला बाजूला बसवू आणि बाकीच्यांचं उरकू. पण ज्या खुर्चीत तपासायचं, तिच्यात बसायलाच कुणी तयार होईना. रामकिशनने तर आपल्या टेबलाचा खण उघडून स्वतःचा काळा गॉगल काढला आणि सगळ्यांदेखत चढवला. फोरमनने चढवला म्हटल्यावर राहिलं काय? रणजीत शोरूममध्ये धावला आणि गाडीबरोबर भेट द्यायचे गॉगल खोक्यासकट घेऊन आला. घटकाभरात फिटर, वॉचमन, मॅडम आणि खुद्द डॉक्टर काळे गॉगल लावून एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी डॉक्टरने पुस्तक पिशवीत घातलं, जगनच्या हातात थेंबांची बाटली ठेवली आणि पुढच्या वर्षी बघू म्हणून निघून गेला.

जगनला वाटलं, सुटलो. पण त्याच्या पायाने आलेली साथ आता सगळ्यांच्या मानगुटीवर बसली होती. भरतीची पोरं हळूहळू पांगली. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाच्या घरी लहान लेकरू. राहिला तो जगन आणि आखाडा बाळापूरचा मुन्ना. मुन्नाने आयटीआय केलं होतं आणि पोरगं खरंच हुशार होतं. मॅडम लांबूनच म्हणाल्या की प्रॅक्टिकल आजच उरका, मात्र गॉगल कुणीही काढायचा नाही.

एका गाडीचा डॅशबोर्ड उघडून ठेवला होता. वायरींचा जुडगा बाहेर लोंबत होता आणि गाडीचा ना इंडिकेटर लागत होता, ना हॉर्न. आधी मुन्ना बसला. भर दुपारी शेडमध्ये काळ्या गॉगलमधून त्याला सगळ्या वायरी सारख्याच दिसायला लागल्या. त्याने दोनदा विनंती केली की मॅडम, क्षणभर गॉगल काढतो. मॅडमनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. शेवटी त्याने अंदाजाने दोन टोकं जोडली आणि फ्यूज उडाला. बिचारा घाम पुसत उतरला.

मग जगन. त्याचे डोळे बामाने अजून जळत होते आणि रामकिशन शेजारी येऊन वाकला होता. आता तो विचारणार, आणि आपण काय सांगणार? रामकिशनने एक वायर उचलली, त्याच्या नाकासमोर धरली.

"ही कोणती?"

जगनच्या डोळ्यांसमोर उसाचा फड उभा राहिला, फडाच्या कडेला झोळी, झोळीत सृष्टी. "दिसत न्हाई साहेब," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "बल्ब लावून बघतो."

जगनने फ्यूज बदलला, वस्तादाच्या पद्धतीने बल्बच्या वायरीचं एक टोक गाडीच्या बॉडीला लावलं आणि एकेक वायर चाचपत निघाला. वेळ बराच लागला. इंडिकेटर लागला. हॉर्न दाबला तेव्हा आधी वायपर हलला, पण मग त्याने दोन टोकं बदलली आणि हॉर्न वाजला. मॅडमनी लांबूनच मान हलवली.

"हाच ठेवा," रामकिशन म्हणाला. आणि जगनला म्हणाला, "तू स्टोअरमध्ये ये. एकटा."

आत गेल्यावर त्याने दार लावून घेतलं. जगनला कळलं की शंभर भरले आपले. रामकिशन अगदी जवळ आला आणि त्याने जगनच्या पापण्यांचा वास घेतला.

"बाम हाय," तो म्हणाला. "डोळे आलेच न्हाईत तुझे. रंग दिसत न्हाई ना तुला?"

जगनने हात जोडले. खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं, मिरच्या, साडी, कोयता, पोरगी. सांगता सांगता त्याला खरंच रडू आलं. रामकिशन खाली मान घालून ऐकत राहिला. मग त्याने किल्लीने कपाट उघडलं. आत बामाची बाटली होती. तीच, त्याच कंपनीची, अर्धी संपलेली.

"माझे आज दुपारी येणार होते," तो म्हणाला. "तुझे सकाळीच आले."

जगनने बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"मंग ते, ही कोणती, म्हणून पोराईला विचारता ते?"

"खरंच विचारतो बा," रामकिशन म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "पोरं घाबरून सांगतात, म्हणून चालून राहिलं. एखाद्यानं उलटं विचारलं असतं, साहेब, तुमीच सांगा, तर मी त्याच दिवशी घरी गेलो असतो. लई भीती वाटते रे."

दोघं टायरवर बसले. मग रामकिशननेच ठरवून टाकलं की दोघांचे एकाच साली यायला नकोत, मॅडमला संशय येईल. पुढच्या साली फोरमनचे, त्याच्या पुढच्या साली जगनचे, आणि रंग विचारायला मुन्नालाही ठेवून घ्यायला मॅडमला सांगू, पोरगं हुशार आहे.

जगनने डोळे पुसले, गॉगल हातात घेतला आणि दाराशी थांबला. बाहेर मॅडम होत्या, त्यांच्या हातात नेमणुकीचा कागद होता.

"साहेब," त्याने हळूच विचारलं, "अजून लाल हायेत ना माझे डोळे?"

रामकिशन उठून जवळ आला. त्याने जगनचं तोंड उजेडाकडे वळवलं, वाकून डाव्या डोळ्यात पाहिलं, उजव्या डोळ्यात पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मला काहून विचारतो लेका?"