परातीतलं गाजर

इनायतभाई बागवानांच्या घरी गेलं की चहाच्या आधी परात येते. परातीत दोन बोटं पाणी, पाण्याखाली रंगीत खडे आणि खड्यांवर गाजराची एक चकती. इनायतभाई परात जमिनीवर ठेवतात, तुम्हाला दाराशी उभं करतात आणि विचारतात, "गाजर दिसतंय की शोधावं लागतंय? खरं सांगा. पाहुणचार म्हणून नको."

गाजर म्हणजे गोल्डफिश. फिशटँकच्या तळाला कोणत्या रंगाचे खडे घालायचे, हे ठरवायची ही त्यांची पद्धत. गाजर पाण्यात बुडतं का, अशी मला शंका होती. घरी करून पाहिलं. बुडतं.

बिबवेवाडीत आमचे दरवाजे समोरासमोर आहेत. इनायतभाईंचं सगळं आयुष्य मार्केट यार्डात फळांच्या गाळ्यावर गेलं. गाळा आता पुतण्याकडे आहे, सवयी यांच्याकडेच राहिल्या. "माल कुणी बघत नाही, साहेब. मालाखालचा कागद बघतात. संत्र्याखाली निळा घाला, संत्रं पेटतं. पिवळा घाला, आजारी दिसतं." एकदा माझा नवा शर्ट निरखून म्हणाले, "कापड चांगलं आहे. खालची पँट चुकली."

हा नाद लागला गेल्या महिन्यात, तोही मुदतीसकट. झुबेदाभाभींनी जाहीर केलं की फिशटँक शुक्रवारी भाचीला देऊन टाकायचा. मासे हौसेनं आणले त्यांनीच, खाणं घालायच्या त्याच. कारण विचारलं तर म्हणाल्या, "कंटाळा आला."

"कंटाळा माशांचा नाही, खालच्या पांढऱ्या खड्यांचा," इनायतभाई म्हणाले. "रंग बदलतो. मग बोल."

"बदला. गाळा गेला, पण गिऱ्हाईक पटवायचं काही सुटलं नाही तुमचं."

तेव्हापासून रोज नवा रंग. टाकी दोन फूट बाय एक, थर दोन इंचांचा, म्हणजे एका रंगाला साधारण चौदा किलो खडे लागतात. लिफ्ट बंद आणि घर तिसऱ्या मजल्यावर. मी हिशेब मांडून दाखवल्यावर ते परातीतल्या पाव किलोच्या नमुन्यावर आले. निळा झाला, हिरवा झाला. भाभी स्वयंपाकघरातूनच "दिसतंय, दिसतंय" म्हणायच्या आणि भाचीचा शुक्रवार कायम ठेवायच्या.

बुधवारी तपकिरी खड्यांची पाळी होती. "आज इथं येऊन बघायचं," असं इनायतभाईंनी बजावलं. भाभी हात पुसत येईपर्यंत ते अस्वस्थपणे येरझारा घालत होते. त्याच नादात त्यांनी वाकून परातीतलं गाजर उचललं आणि खाऊन टाकलं. दुसरी चकती ठेवतील, म्हणून मी गप्प राहिलो. तेवढ्यात भाभी आल्या.

"बघ. उठून दिसतंय ना?"

भाभींनी परातीवर नजर टाकली. "हो. छान दिसतंय. मधोमध ठेवलंय."

इनायतभाईंचं चावणं थांबलं. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मग हेच घालू?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

"घाला की. दोन दिवसांसाठी कशाला मेहनत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

भाभी आत गेल्या. इनायतभाई मला जिन्यात घेऊन आले. "शुगरनं हिच्या डोळ्याचा पडदा बिघडलाय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तिला वाटतं, मला माहीत नाही. राहू दे तसंच. मासे का देऊन टाकतेय, कळलं ना? दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत असं म्हणायचं नाही." ते कठड्याला टेकले. "मला वाटलं होतं, थोडं अंधुक असेल. रंग नीट लावला की भागेल. ती इतकी लांब गेलीय, हे आज कळलं."

"आता?"

"काळा उरला. फळाखाली काळा कुणी घालत नाही, माल सडका वाटतो. पण मासा चमकेल."

गुरुवारी आम्ही दोघांनी चौदा किलो काळे खडे वर चढवले, बाथरूममध्ये धुतले आणि टाकीत अंथरले. पाणी इतकं गढूळ झालं की इनायतभाई संध्याकाळपर्यंत टाकीसमोरून हलले नाहीत. शुक्रवारी दुपारी पाणी निवळलं आणि भाची झाकणाची बादली घेऊन आली. इनायतभाई खिडकीकडे पाठ करून उभे राहिले. मला त्यांनी उगाचच बसा म्हटलं, मी उगाचच बसलो.

"जाताना उपाशी नकोत," म्हणत भाभी स्टुलावर बसल्या आणि खाणं टाकलं. मासे वर आले, खाली गेले.

मग भाभींचं बोट काचेला लागलं. मासा डावीकडे सरकला, बोट डावीकडे सरकलं. मासा वळला, बोट वळलं.

"हा मोठा सगळ्यांचं खातो," भाभी म्हणाल्या. "बारक्याला काही मिळत नाही."

"खाला, जाळी कुठंय?" भाचीनं विचारलं.

"थांब गं जरा. बादली ठेव खाली."

मोठा मासा मागच्या कोपऱ्यात गेला. तिथं उजेड कमी होता. भाभींचं बोट जिथल्या तिथं थांबलं, काचेवर तसंच टेकून राहिलं. इनायतभाईंनी भरदुपारी खोलीतली ट्यूब लावली, आणि बोट पुन्हा चालू लागलं.