डोरीनच्या केकचा बाजारभाव

या, अशा जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं यावं. ताशी दोनशे मैलांनी पळणाऱ्या गाड्यांच्या मालकांना एका लिंबाच्या केकनं कसं हात जोडायला लावले, ते सांगतो. सांगताना माझेही जोडले जातात.

नॉर्थॅम्प्टनशरमधल्या एका लहान रेसिंग संघाचे हिशेबनीस क्लेम पेटिफर त्या सकाळी समाधानात होते. संघानं वर्षाला किती खर्च करावा याला मर्यादा असते. श्रीमंत संघांना ती वाढवून हवी होती; ती वाढली की लहान संघांनी गाशा गुंडाळायचा. दुपारी लंडनला दहाही संघांची बैठक होती. तिथं क्लेमच्या बॉस, रोझालिंड क्वार्म्बी, मर्यादेसाठी भांडणार होत्या. भांडणाऱ्याचा स्वतःचा हिशेब स्वच्छ हवा, आणि गेल्या वर्षाचा तो होताच: मर्यादेच्या आत, चार हजार पौंड राखून.

अकराच्या चहाला क्लेमनी केकचा तुकडा तोंडात घातला आणि घास तिथंच थांबला.

"डोरीन," त्यांनी चहावाल्या डोरीन टॅपस्कॉटना विचारलं, "हा केक कुठून येतो?"

"माझ्या ओव्हनमधून."

"पैसे कोण देतं?"

"पैसे कसले? माझा नवरा अर्नेस्ट इथं लेथवर होता तेव्हापासून आणतेय. तो गेला म्हणून पोरांची तोंडं थोडीच बंद झाली? का रे राजा, कडू लागला?"

क्लेमना तो कडूच लागायला लागला होता. फुकट मिळालेली वस्तूही बाजारभावानं खर्चात धरायची, असा नियम होता. बड्या संघांनी मित्रांकडून इंजिनं 'भेट' घेऊ नयेत म्हणून तो घालायला लावला होता खुद्द क्लेमनीच.

एकशे दहा माणसं, वर्षाचे दोनशे तीस दिवस. पंचवीस हजार तीनशे तुकडे! कोट्यवधींच्या आकड्यांशी रोज खेळणारा हा माणूस त्या आकड्यापुढं चर्चमध्ये उभं राहावं तसा गप्प उभा राहिला. एका बाईचा एक ओव्हन, आणि एवढं देणं.

"गावातल्या दुकानात तुकडा तीन पौंड ऐंशीला मिळतो," ते पुटपुटले.

"माझा त्यापेक्षा चांगला असतो."

"चांगला म्हणू नका, भाव वाढतो. जरा कोरडा होता, असं लिहून द्याल?"

"कोरडा? तूच लिही आणि तूच सही कर. उद्यापासून पुड्यातली बिस्किटं खा."

गाड्यांचे पंख बनवणारा मर्विन खिसे चाचपत आला. "आम्ही आत्ता पैसे भरतो की."

"गेल्या वर्षी खाल्लेला केक या वर्षी विकत घेता येत नाही, मर्विन."

मर्यादा ब्याण्णव हजार एकशे चाळीस पौंडांनी ओलांडली होती.

लंडनच्या वाटेवर क्लेमनी सगळं सांगितलं. रोझालिंडनी बैठकीचे कागद मिटले. "क्लेम, हे दडवलं तर मर्यादा कुठल्या तोंडानं मागू? मी सांगणार."

आणि भर बैठकीत त्यांनी सांगितलं. सगळ्यात श्रीमंत संघाचे ल्यूशियन स्ट्रेकर पोट धरून हसले. "मर्यादा पाळा म्हणून आम्हाला शिकवणारे केकमध्ये बुडाले."

इतक्यात त्यांच्याच हिशेबनीस बाईंनी त्यांची बाही ओढली. "सर, आपल्या वेल्डिंगवाल्यांच्या बायका शुक्रवारी घरी भाजलेले मटणाचे पॅटिस आणतात. आठशे माणसांना."

स्ट्रेकरांचं हसू विरलं. पलीकडचे इटालियन गृहस्थ खाली बघून म्हणाले, "सोमवारी माझी आई सगळ्या कारखान्याला लझान्या पाठवते. तिचा बाजारभाव काढलात तर आम्ही संपलो."

मग दहाही टेबलांवर कुजबुज सुरू झाली, फोन झाले, चेहरे उतरले. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "एकतर सगळ्यांचे हिशेब पुन्हा उघडू, नाहीतर घरून आणलेल्या खाण्याला सूट देऊ. पण मागच्या वर्षापासून सूट द्यायची तर दहाही संघांची संमती लागेल."

"माझी मिळेल," रोझालिंड शांतपणे म्हणाल्या, "मर्यादा आहे तिथंच राहणार असेल तर."

स्ट्रेकरांनी आपल्या हिशेबनीस बाईंकडं पाहिलं. बाईंनी डोळे मिटून 'हो म्हणा' अशी मान हलवली.

तीन वर्षं ज्यांचं एका स्वल्पविरामावर एकमत झालं नव्हतं, त्या माणसांचे दहा हात एकाच वेळी वर गेले. क्लेम बघतच राहिले. हे घडवायला ना वकील लागला, ना इंजिन.

दुसऱ्या दिवशी ते धावतच चहाच्या टेबलाशी गेले. "डोरीन, संघ वाचला. तुमच्या केकची किंमत शून्य ठरली. दहा संघांनी एकमतानं ठरवली."

डोरीननी सुरी खाली ठेवली. "त्या दुकानातल्या भुशाला तीन ऐंशी, आणि माझ्या केकला शून्य? आणि तू तिथं गप्प बसलास?"

पुढं आठवडाभर एकशे नऊ माणसांना केक मिळाला.

तर मंडळी, टीव्हीवर त्या गाड्या गर्जत जाताना बघाल, तेव्हा चालकाचं नाव घ्या, इंजिनाचं कौतुक करा. पण पहाटे उठून लिंबं किसणाऱ्या, कुणाकडं कधी काही न मागणाऱ्या डोरीन टॅपस्कॉटचीही एक आठवण मनात ठेवा. तेवढं माझ्यासाठी कराच.